नवा जोडलेला पीसी सुरू होत नाही? आधी तो कुठे अडतोय ते बघा

नवे पार्ट आणले, दोन-तीन तास बसून पीसी जोडला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, ‘पार्ट खराब निघाला’. मग घाईघाईत सगळं सोडवून पुन्हा जोडायला बसतात. माझी कळकळीची विनंती आहे की हे करू नका. ठाण्यात आणि खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीकडे ओळखीपाळखीतल्या मुलांचे असे बरेच पीसी मी पाहिलेत. त्यातल्या फार थोड्यांमध्ये खरोखर पार्ट खराब होता. बाकीच्यांमध्ये एखादी केबल अर्धवट बसलेली, एखादी राहून गेलेली, किंवा दोन पार्ट एकमेकांना चालणारे नव्हते. सगळं एकदम सोडवलं की नेमकं कुठे चुकलं होतं याचा माग पुसला जातो, आणि दुसऱ्यांदा जोडताना तीच चूक परत होऊ शकते.

पीसी सुरू होताना एक ठरलेला क्रम असतो. आधी एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, वीज देतो. मग प्रोसेसर जागा होतो, तो रॅम तपासतो, नंतर ग्राफिक्स शोधतो, आणि शेवटी विंडोज किंवा लिनक्स ज्या ड्राइव्हवर आहे तो शोधतो. पीसी यातल्या कोणत्या पायरीवर थांबला हे कळलं की तपासायच्या जागा दोन-तीनच उरतात. म्हणून काहीही सोडवण्याआधी नीट बघा आणि ऐका. दिवे लागतात का? पंखे फिरतात का? फिरून थांबतात का? स्क्रीनवर काही येतं का? जे दिसतं ते कागदावर लिहून ठेवा. पुढे दुकानात जायची वेळ आली तर हाच कागद कामाला येईल.

हात घालण्याआधी

कोणतीही केबल काढण्या-घालण्याआधी एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, भिंतीतली पिन काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज त्याने निघून जाते. मग कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावा आणि नंतरच बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डाला. आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही. पण एसी लावलेल्या खोलीत किंवा डिसेंबर-जानेवारीत हे विसरू नका. गालिच्यावर बसून काम करू नका, साध्या लादीवर किंवा टेबलावर करा.

एसएमपीएस कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातले कपॅसिटर बराच वेळ भारित राहतात आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. जळका वास आला, धूर दिसला किंवा बटण टाकताक्षणी घरातला एमसीबी पडला, तर ‘पुन्हा एकदा बघू’ म्हणू नका. तिथेच थांबा, पिन काढा आणि एसएमपीएस बदलून घ्या.

यानंतर एकच नियम पाळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पीसी चालू करून बघा. तीन गोष्टी एकत्र बदलल्या आणि पीसी सुरू झाला, तर नेमका दोष कशात होता ते कळत नाही. काही दिवसांनी तोच त्रास परत झाला, की सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं.

काहीच होत नाही: ना दिवा, ना पंखा

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवा आणि पिन थेट भिंतीत घाला. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीला तो पुरत नाही, आणि काही स्वस्त यूपीएसची वीज आजच्या एसएमपीएसना मानवतही नाही. महावितरणची वीज गेल्यावर यूपीएस लागतो हे खरं, पण तपासणी चालू असेपर्यंत तो मधे नको.

मग एसएमपीएसच्या मागचं बटण. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर एक छोटं लाल बटणही असतं, ११५ आणि २३० लिहिलेलं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून पिन घातली तर एसएमपीएस फुटतो.

एवढं झाल्यावर बोर्डाकडे बघा. बऱ्याच बोर्डांवर पीसी बंद असतानाही, फक्त वीज मिळाली तरी एखादा बारीक दिवा लागतो. तो लागत असेल तर एसएमपीएस निदान अर्धा तरी जिवंत आहे आणि बोर्डापर्यंत वीज पोचते आहे. लागत नसेल तर २४ पिनांचा मोठा प्लग बघा. नव्या बोर्डात हा फार घट्ट बसतो. वरून बसलेला दिसतो, पण एका टोकाला दीड-दोन मिलिमीटर वर राहिलेला असतो. बोर्डाच्या मागे एक हात आधाराला धरा, दुसऱ्या हाताने प्लग सरळ खाली दाबा. बाजूची खिटी बोर्डाच्या ओठावर अडकली पाहिजे, आणि अडकताना तिचा ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज आला नसेल तर प्लग बसलेला नाही असंच धरून चाला.

दिवा लागतोय पण बटण दाबून काही होत नाही, तर संशय कॅबिनेटच्या बटणावर किंवा त्याच्या बारीक वायरींवर. समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या वायरी बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात एका छोट्या जागी लागतात. तिथे दोन ओळींत नऊ पिना असतात, दहाव्या पिनेची जागा रिकामी. बहुतेक बोर्डांवर, ज्या ओळीत ती रिकामी जागा आहे, त्याच ओळीत तिला लागून असलेल्या दोन पिना पॉवर बटणाच्या असतात. तरी आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र उघडून खात्री करून घ्या, कारण अपवाद असतात. बटणाच्या दोन वायरींमध्ये उलट-सुलट असं काही नसतं. दिव्यांच्या वायरी उलट लागल्या तर फक्त दिवा लागत नाही, पीसी अडत नाही.

आता बटणाची वायर काढून ठेवा, वीज चालू करा आणि त्या दोनच पिनांना छोट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर एकत्र टेकवा. बटण हेच काम करतं. पीसी सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. तोपर्यंत रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून काम भागवता येतं. हात थरथरत असेल किंवा पिना ओळखता येत नसतील तर मात्र हा प्रयोग दुसऱ्याला करू द्या.

एवढ्यावरही काही होत नसेल तर एसएमपीएस तपासायचा. इंटरनेटवर सगळे पेपरक्लिपची युक्ती सांगतात: २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडायची, पंखा फिरला तर ठीक. हे खरं आहे, पण आजकालच्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात आणि अंदाजाने क्लिप घालणं मला पटत नाही. एसएमपीएसचा छोटा टेस्टर मिळतो, तो वापरा किंवा दुकानात पाच मिनिटांत तपासून घ्या. काही चांगल्या एसएमपीएसमध्ये कमी भारावर पंखा मुद्दाम बंद राहतो, म्हणून पंखा फिरला नाही एवढ्यावरून तो मेला असं ठरवू नका. मल्टिमीटर असेल तर बारा व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ आणि पाच व्होल्टच्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ यांच्यामधला आकडा यायला हवा.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा एसएमपीएस घेतलेल्यांसाठी एक सूचना फार महत्त्वाची आहे. केबल कमी पडली म्हणून मित्राच्या दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल लावू नका. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि एका झटक्यात एसएसडी किंवा बोर्ड जळू शकतो.

पंखे एकदा फिरतात आणि थांबतात

बटण दाबल्यावर पंखे अर्धा-एक सेकंद हलतात, बंद होतात, पुन्हा हलतात. याला दोन-तीनच कारणं असतात.

सगळ्यात आधी प्रोसेसरची वीज. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचा वेगळा सॉकेट असतो आणि तो बऱ्याचदा राहूनच जातो, कारण कॅबिनेटमध्ये बोर्ड बसल्यावर तिथे हात पोचत नाही. घणसोलीतल्या एका कॉलेजच्या मुलाचा पीसी आठवडाभर बंद होता. सगळ्या केबल त्याने लावलेल्या, आठ पिनांचीही. पण ती केबल होती ग्राफिक्स कार्डाची. दोन्ही आठ पिनांच्या, दोन्ही काळ्या. ओळखायची खूण अशी: प्रोसेसरची केबल मधोमध चार-चार अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची सहा आणि दोन अशी. प्लगवर इंग्रजीत सीपीयू किंवा पीसीआय-ई असंही कोरलेलं असतं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचता येतं. चुकीची केबल सहज बसत नाही, त्याने ती जोर लावून अर्धी घुसवली होती. नशीब चांगलं म्हणून बोर्ड वाचला. केबल सहज जात नसेल तर जोर लावू नका, आधी ती कोणती आहे ते बघा. बोर्डावर असे दोन सॉकेट असतील, तर साध्या प्रोसेसरला बहुतेक बोर्डांवर एक लावला तरी पुरतो.

दुसरं कारण शॉर्ट. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड थेट टेकू नये म्हणून खाली पितळी स्टँडऑफ असतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा स्टँडऑफ राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकतो. सुटलेला स्क्रू बोर्डामागे पडला तरी तेच. कॅबिनेट हळूच तिरकं करून कान द्या, काही खुळखुळलं तर आधी ते काढा.

तिसरं, रॅम. तिच्याकडे पुढे येतोच.

सगळं फिरतं, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही

सगळ्यात जास्त पीसी इथेच अडतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिली गोष्ट म्हणजे थांबा. तुमची रॅम डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड त्या रॅमशी जुळवून घेण्यासाठी बराच वेळ घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर हे फार जाणवतं. स्क्रीन काळी, पंखे चालू, कधी मधेच पीसी आपोआप बंद होऊन परत चालू होतो. नवखा माणूस घाबरून बटण दाबून बंद करतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चालू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. रॅम जास्त असेल तर वेळही जास्त लागतो.

मग मॉनिटर. तो चालू आहे का, आणि त्याच्या मेन्यूत योग्य इनपुट निवडलंय का? एचडीएमआय लावून मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर ठेवलेला असणं ही रोजची गोष्ट आहे. शंका असेल तर पीसी हॉलमधल्या टीव्हीला लावून बघा, केबलही बदलून बघा.

केबल मागे कुठे लावली तेही बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या आडव्या पट्टीतल्या पोर्टला लावायची, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. नेरुळमध्ये एका घरी काकांनी मुलासाठी आय५-१२४००एफ घेतला होता आणि केबल बोर्डाला लावली होती. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, म्हणून बोर्डाच्या पोर्टमधून चित्र येणं शक्यच नव्हतं. एएमडीमध्ये रायझेन ५ ५६०० किंवा ५६००एक्स यांचंही तसंच, ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक्स आहे. ७००० मालिकेत बहुतेकांमध्ये साधं ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ मध्ये नाही. एफवाला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड अजून आलेलं नाही, अशी स्थिती असेल तर काहीही बिघडलेलं नाही, कार्ड येईपर्यंत डिस्प्ले येणारच नाही.

आता बोर्डावरचे चार बारीक दिवे शोधा. नव्या बोर्डांवर बहुधा २४ पिनांच्या प्लगजवळ ते असतात आणि बाजूला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेलं असतं. सुरू होताना ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, तिथे पीसी अडलाय. हे चार दिवे तुमचा निम्मा शोध वाचवतात. बोर्डावर ते नसतील तर दोन-चार पिनांचा छोटा स्पीकर मिळतो, तो लावून बीप ऐका. बीपचा अर्थ बोर्डाप्रमाणे बदलतो, तो पुस्तिकेतच बघायचा.

डीरॅमचा दिवा अडकला तर रॅम काढा आणि फक्त एक पट्टी घाला. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्यात. बहुतेक बोर्डांना हेच हवं असतं आणि पुस्तिकेत तसं चित्र असतं. नव्या बोर्डात रॅम घालायला वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा, दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवा आणि आधी एक टोक, मग दुसरं असं दाबा. खिटी आपोआप वर येऊन बसते. काही बोर्डांना एकाच बाजूला खिटी असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं आणि लक्षात येत नाही. एका पट्टीने झालं नाही तर दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये, मग पहिली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. अशाने पट्टी खराब आहे की स्लॉट हे कळतं. खाच जुळतच नसेल तर थांबा, कारण डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसऱ्याच्या बोर्डात चालत नाही. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून ही गफलत तिथे जास्त होते. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटला डीडीआर४ आणि एएम५ ला डीडीआर५, त्यात निवड नाही.

सीपीयूचा दिवा अडकला तर आधी आठ पिनांची केबल, मग बायॉस, म्हणजे बोर्डातला पीसी सुरू करून देणारा प्रोग्राम. बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल आणि प्रोसेसर त्यानंतर बाजारात आलेला असेल, तर बोर्डाला तो ओळखूच येत नाही. बी४५० बोर्डावर रायझेन ५००० मालिका, बी६६० वर १३ व्या पिढीचा इंटेल, बी६५० वर रायझेन ९००० मालिका, या जोड्या चालतात, पण बायॉस पुरेसा नवा असेल तरच. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक प्रोसेसरपुढे कोणता बायॉस लागतो ते लिहिलेलं असतं. तुमच्या बोर्डाला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न ओळखताही बायॉस बदलता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला पुस्तिकेत सांगितलेलं नेमकं नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टला लावा आणि बटण दाबा. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज जाता कामा नये. पावसाळ्यात गडगडाट चालू असताना हे काम काढू नका. बटण नसेल तर दुकानदाराकडून करून घ्या.

व्हीजीएचा दिवा अडकला तर कार्ड काढून पुन्हा बसवा. कार्ड स्लॉटच्या शेवटच्या खिटीत अडकलंय का ते खाली वाकून बघा, कारण कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यामुळे ते तिरकं राहतं. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत असेल तर ती पूर्ण आत गेली पाहिजे. नव्या मोठ्या कार्डांच्या सोळा पिनांच्या प्लगबाबत विशेष काळजी घ्या. तो अर्धवट बसला तर तापून वितळू शकतो. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड पूर्ण काढून बोर्डाच्या पोर्टवर डिस्प्ले येतो का ते बघा. आला तर संशय फक्त कार्डावर उरतो. बूटचा दिवा अडकला तर पुढचा ‘विंडोज येत नाही’ हा भाग बघा.

यातलं काही लागू पडलं नाही तर सीएमओएस, म्हणजे बायॉसच्या साठवलेल्या सेटिंग्ज, साफ करा. वीज काढा, बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढा, पाच मिनिटांनी परत घाला. काही बोर्डांवर त्यासाठी दोन पिना किंवा मागे बटण असतं. पीसी सुरू झाल्यावर लगेच बायॉसमध्ये जाऊन रॅमचा वेग वाढवला आणि मग डिस्प्ले गेला, तर हाच उपाय आहे.

बोर्ड बाहेर काढून

वरचं सगळं करूनही गाडी पुढे सरकत नसेल, तर बोर्ड कॅबिनेटमधून काढा आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला त्याच्यावर ठेवा. चकचकीत पिशवीवर ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅमची पट्टी, दोन पॉवर केबल आणि लागत असेल तर ग्राफिक्स कार्ड. एसएसडी, हार्ड डिस्क, आरजीबी, समोरचे यूएसबी काही नको. स्क्रू ड्रायव्हरने दोन पिना टेकवून चालू करा. इथे चाललं तर दोष कॅबिनेटमध्ये आहे: स्टँडऑफ, यूएसबीची वाकलेली पिन किंवा पॉवर बटण. मग एकेक पार्ट जोडत जा.

इथेही चाललं नाही तर प्रोसेसर उचलून बघायची वेळ आली. हे काम सगळ्यात नाजूक आहे. इंटेलच्या नव्या बोर्डांवर आणि एएम५ वर पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आडवा धरा आणि सॉकेट हळूहळू फिरवा. सगळ्या पिनांवरून उजेड एकसारखा सरकतो. एखादी वाकलेली असेल तर तिथे ठिपका वेगळ्या दिशेने चमकतो. सॉकेटमध्ये बोट, कापड, ब्रश काहीही घालू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि कूलर काढताना मधली थर्मल पेस्ट चिकटून प्रोसेसरही उपटून येतो. शक्य असेल तर कूलर काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग कूलर डावी-उजवीकडे हलक्याने फिरवा आणि नंतरच वर उचला. कूलर परत लावताना नवी पेस्ट आणि चारही स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे. एकच बाजू खूप आवळली तर प्रोसेसर सॉकेटवर सारखा टेकत नाही आणि रॅमचा एखादा चॅनेल गायब होतो. कूलरच्या बुडाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढलाय ना, तेही बघून घ्या.

डिस्प्ले आला, पण विंडोज येत नाही

बायॉसचा पडदा दिसला की अवघड भाग संपला. ‘बूट डिव्हाइस नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर घाबरू नका, नवी एसएसडी कोरी असते आणि तीत विंडोज नसतंच. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन तयार करा. बायॉसमध्ये एसएसडी दिसते पण विंडोजच्या सेटअपमध्ये दिसत नाही, असं इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे होतं, कारण व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं. ते बायॉसमध्ये बंद करा किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. बायॉसमध्येच दिसत नसेल तर एसएसडी तिरकी आहे, तिचा बारीक स्क्रू राहिलाय, किंवा साटा प्रकारची एम.टू एसएसडी फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये घातली आहे.

दुकानात न्यायची वेळ आली तर

पार्ट खराब आहे अशी खात्री झाली, की खोकी, बिलं आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण शोधा. हे झाकण फेकू नका. ते नसेल तर बोर्डाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि पिना वाकल्या तर दोष तुमच्यावर येतो. पार्ट ऑनलाइन घेतले असतील तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. परत घेण्याची मुदत बहुधा काही दिवसांचीच असते, म्हणून महिनाभर घरी खटपट करत बसू नका.

लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे भडकमकर मार्गावरून पार्ट आणले असतील, तर सगळा पीसी लोकलमधून नेण्याची गरज नसते. दुकानदाराला आधी फोन करा आणि फक्त संशय असलेले पार्ट न्या. बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम त्याच खोक्यात, कूलर वेगळा. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून ग्रँट रोड. नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला, मग दादर. सकाळी साडेअकरानंतर निघालात तर गर्दी कमी असते, आणि रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. पूर्ण कॅबिनेट न्यायचंच असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं घ्या, प्रवासातल्या धक्क्यांनी जड कार्ड स्लॉट मोडू शकतं. ठाणे-वाशीतल्या जवळच्या दुकानात आधी तपासून घेतलंत तर एक फेरी वाचू शकते, मात्र पार्ट तुमच्यासमोर लावून दाखवायला सांगा आणि तपासणीचे पैसे किती ते आधी ठरवा.

सुरुवातीला लिहिलेला तो कागद दुकानात द्या. ‘पीसी चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तेही पहिल्यापासून सुरू करतात. ‘डीरॅमचा दिवा अडकतो, दोन्ही पट्ट्या चारही स्लॉटमध्ये लावून बघितल्या, बाहेर काढूनही तेच’ असं सांगितलंत तर समोरचा सरळ बोर्ड आणि प्रोसेसर बदलून बघेल. दुकानदार ऐकूनच घेत नसेल आणि बिल तुमच्याकडे असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवा.